सूर्यभानजींची सहामाही

अमरावतीच्या कचेरीतले नक्कलनवीस सूर्यभानजी गावंडे यांनी एका मंगळवारी मेलेल्या कंपनी सरकारला कागदावर जिवंत केलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

झालं होतं एवढंच, की कुणा देशमुखाच्या अर्जाची साफ नक्कल करताना त्यांनी सवयीनं वर 'कंपनी सरकारचे दरबारी' असं लिहिलं. कंपनी मोडून राणीचा अंमल बसल्याला तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती. पण नक्कल ही वाचायची वस्तू नसते, बस्त्यात बांधायची असते. त्यामुळे इतक्या वर्षांत ते कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. आलं ते नव्या साहेबाच्या. हा साहेब वयानं कोवळा होता आणि मुनशी ठेवून मराठी शिकत होता. ज्याला एखादी भाषा नुकतीच वाचता येऊ लागते तो माणूस धोक्याचा. हाती लागेल तो कागद वाचत सुटतो.

साहेबानं सूर्यभानजींना समोर बोलावलं. शिरस्तेदार बाजूला उभे होते.

"वऱ्हाड प्रांत कोणाचा आहे?" साहेबानं विचारलं.

अकरा वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला साहेबानं हा प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर एकच असतं. सूर्यभानजी हात जोडून म्हणाले, "आपलाच, हुजूर."

शिरस्तेदारांना ठसका लागला. साहेब लाल झाला. त्याला वाटलं हा माणूस आपली थट्टा करतो आहे. सूर्यभानजींनी तर जन्मात कुणाची थट्टा केली नव्हती; स्वतःच्या लग्नात उखाणा घ्या म्हटल्यावर त्यांनी नुसतंच बायकोचं नाव घेतलं होतं. दोन दिवसांनी लेखी हुकूम आला. नक्कलनवीस गावंडे यांस चालू राज्यव्यवस्थेचे ज्ञान नाही, सबब त्यांनी मोठ्या शाळेच्या सहामाही परीक्षेस इतिहास या विषयात बसून उत्तीर्ण व्हावे. न झाल्यास मेळघाटातील ठाण्यावर बदली.

मेळघाटात त्या काळी जो कारकून जाई तो हिवताप घेऊन परत येई, किंवा परत येतच नसे. सूर्यभानजींचं वय चव्वेचाळीस होतं आणि परीक्षेला पाच आठवडे होते.

मोठ्या शाळेचा एक विद्यार्थी त्यांच्या घरातच राहत होता. ही सोय म्हणायची की अडचण, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, कारण तो विद्यार्थी त्यांचा जावई होता. त्याचं असं, की तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटून तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता, आणि वऱ्हाडात ज्याच्या त्याच्या तोंडी कापसावाचून दुसरा शब्द नव्हता. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारे त्यांचे व्याही केशवराव चार गाड्यांचे चाळीस गाड्यांवर गेले होते. मुंबईच्या गोऱ्या खरेदीदारांशी मधल्या दलालावाचून बोलता यावं म्हणून त्यांनी आपला एकोणीस वर्षांचा मुलगा गोवर्धन इंग्रजी शिकायला अमरावतीला सासऱ्याकडे ठेवला होता. सूर्यभानजींची लेक जमुना अकोल्याला सासरी. म्हणजे लेक जावयाच्या घरी आणि जावई लेकीच्या घरी, अशी ती अदलाबदल होती.

जावई दोन दिवस आला तर त्याचे लाड समजण्यासारखे असतात. गोवर्धन आठ महिने राहत होता आणि दुर्गाबाईंनी एकही दिवस त्याच्या ताटाभोवतीची रांगोळी चुकवली नव्हती. तो पाटावर बसे, सूर्यभानजी खाली. तो जेवून उठल्याशिवाय सूर्यभानजींना दुसरी भाकर मागायची सोय नव्हती.

हुकूम आला त्या दुपारी सूर्यभानजींनी खाकरून सुरुवात केली. "जवाईबापू, तुमचं ते इतिहासाचं पुस्तक जरा पाहाले भेटन का?"

"घ्या ना मामाजी. कोणासाठी पाह्यजे?"

"हाय एक जण. कचेरीतला."

"लहान हाय काय?"

"नाई. वयानं तसा मोठा हाय."

गोवर्धन हसला. "मंग त्याले म्हणा, आता राहू दे."

दुर्गाबाई आतून ताक घेऊन आल्या. हुकूम त्यांना सकाळीच कळला होता; शिरस्तेदारांची बायको त्यांच्याच विहिरीवर पाणी भरायची. त्यांनी वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "तो एक जण तुमच्या समोरच बसला हाय, बापू."

गोवर्धन मुलगा चांगला होता. तो ताबडतोब शिकवायला तयार झाला. पण दुर्गाबाई तयार होईनात. "जवायाले मास्तर करता काय? त्यानं सांगाचं अन् सासऱ्यानं माना हालवाच्या? मी इहिनीले तोंड कसं दाखवू?"

यावर घरात बराच विचार झाला. शेवटी असं ठरलं, की गोवर्धननं स्वतःच्या अभ्यासासाठी मोठ्यानं वाचावं, आणि सूर्यभानजींनी त्याच वेळी त्याच ओसरीवर सुपारी कातरत बसावं. कुणी कुणाला शिकवत नव्हतं. एकाचं वाचन दुसऱ्याच्या कानावर पडत होतं, एवढंच. आठवड्याभरात घरात सुपारीचा ढीग झाला आणि सूर्यभानजींच्या कानावर मोगलांपैकी निम्मे पडून गेले. कोण कुणाचा बाप आणि कोण कुणाचा मुलगा, यात मात्र गोंधळ होऊ लागला, कारण ती मंडळी एकमेकांना कैदेत टाकण्यात गुंतलेली असत आणि सुपारी कातरणाऱ्याचं लक्ष बोटांकडे ठेवावं लागे.

पंधरा-वीस घरांच्या गल्लीत असं वाचन लपून राहत नाही. पहिल्यांदा आल्या पार्बताबाई. त्या पलीकडच्या घरातल्या वयस्क विधवा. अभ्यासाला बसणाऱ्याच्या टाळूवर तूप थापावं असं त्यांचं ठाम मत होतं. तूप थापता थापता त्यांनी विचारलं, "साहेबानं इचारलं तरी काय?"

"वऱ्हाड कोणाचं म्हणून."

"त्यात काय इचाराचं? भोसल्याइचं. माह्या सासऱ्याच्या दारात नागपूरचे सवार वसुलाले येत. म्या त्याइच्या घोड्याले पाणी देल्लं हाय."

समोरच्या घरात अब्दुल रहीम पिंजारी राहत. साठी उलटलेले, पांढऱ्या दाढीचे, आणि त्या वर्षी संपूर्ण रिकामे. कापसाला असा भाव आला होता, की गादीत भरण्यापेक्षा तो विकून सतरंजीवर झोपायला लोक तयार होते. त्यांची पिंजायची कमान तीन महिने खुंटीला टांगलेली होती. हाताला काम नसलेल्या माणसाकडे सांगायला पुष्कळ असतं. पार्बताबाईंचं बोलणं त्यांनी आपल्या ओट्यावरून ऐकलं आणि तिथूनच म्हणाले, "भोसले तं केवाचेच गेले, बाई. मुलूख निजाम सरकारचा. इंग्रज हे कारभारी. आता कारभाऱ्याले कोनी मालक म्हंते काय? गावंडेजी, तुमीच सांगा."

सूर्यभानजी कान पुसू लागले. तूप कानात उतरलं होतं.

"माहा बाप गाविलगडावर शिंग वाजवे," अब्दुल रहीम म्हणाले. "गोऱ्याइनं गड घेतला त्या दिशी तो वरच होता. मले इचारा ना. पुस्तक लिहिणारा होता काय तिथी?"

गोवर्धननं पुस्तक मिटलं आणि प्रथमच या विषयात त्याला रस वाटल्यासारखा तो त्या ओट्याकडे पाहू लागला. सूर्यभानजींच्या हे लक्षात आलं नाही. ते मनाशी हिशेब लावत होते, की भोसले, निजाम आणि इंग्रज हे तीन झाले, आणि साहेबाला सांगायचं उत्तर एकच असतं.

अशात परीक्षेचा अर्ज भरायचा दिवस आला. मोठ्या शाळेचे हेडमास्तर भगवंतराव पुण्याकडचे होते आणि नियमाबाहेर श्वास घेत नसत. त्यांनी सूर्यभानजींचा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला.

"वय चव्वेचाळीस. ठीक आहे, वयाला नियम नाही. पालकाची संमती कुठे आहे?"

"मास्तरसाहेब, मीच पालक आहो. लग्न झालेल्या लेकीचा."

"आपण इथे परीक्षार्थी आहात. परीक्षार्थ्याच्या वडिलांची, ते नसल्यास वडीलधाऱ्या जमीनदार पुरुष नातलगाची लेखी संमती हवी. कलम आठ."

सूर्यभानजींचे वडील वारले होते. चुलते वारले होते. थोरला भाऊ नव्हताच. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांना वाटलं की आता कलम आठ आपल्याला सोडून देईल. पण भगवंतरावांनी टेबलावरचा दुसरा अर्ज उचलला. तो गोवर्धनचा होता.

"या मुलाचे वडील आपले व्याही ना? वय सेहेचाळीस, शेतजमीन आहे. ते चालतील."

"ते माहे पालक?"

"संमती पंधरवड्यात आली पाहिजे," भगवंतराव म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

लेकीच्या बापानं व्याह्याच्या दारात जाऊन 'माझे पालक व्हा' म्हणायचं, ही कल्पना सूर्यभानजींना मेळघाटाच्या हिवतापाइतकीच जड गेली. ते दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे दुसरी भाकर त्यांनी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी रजा टाकून ते अकोल्याला निघाले. सोबत वाटेत वाचायला गोवर्धनचं पुस्तक घेतलं. अख्ख्या वर्गात ती दोन पुस्तकं, त्यातलं हे एक.

भाड्याची दमणी मिळेना. गावातली चाकं असलेली एकूण एक वस्तू कापूस वाहत होती. शेवटी एका गाडीवाल्यानं त्यांना कापसाच्या बोज्यांवर चढवून घेतलं. पुढं पाहावं तो गाड्या, मागं पाहावं तो गाड्या, आणि दोन्हींकडून धूळ. वर बसून सूर्यभानजींनी मराठ्यांचा राज्यविस्तार वाचायला घेतला. राज्य पसरत गेलं तशी त्यांना पेंग येऊ लागली. पुस्तक खाली पडू नये म्हणून त्यांनी ते एका बोज्याच्या फाटक्या शिवणीतून आत, कापसात, हात पोचेल तितकं खोल सरकवलं. अशी सुरक्षित जागा त्यांना घरीही मिळाली नसती.

तिसऱ्या दिवशी मोर्णा नदीच्या अलीकडे गाडीवाल्यानं त्यांना उतरवलं, कारण त्याला सरळ पुढं खानदेशाच्या बाजूला रेल्वे गाठायची होती. सूर्यभानजी नदी ओलांडून जुन्या शहरात शिरले, अर्धी गल्ली चालले, आणि मग त्यांना पुस्तक आठवलं. ते धावत परत आले. काठावर सत्तर-ऐंशी गाड्या होत्या, सगळ्यांवर पांढरे बोजे होते, आणि प्रत्येक गाडीवाल्यानं तोंडाला तसाच पटका गुंडाळला होता. सूर्यभानजींनी सहा गाड्यांच्या बोज्यांत हात घातले. सातव्या गाडीवाल्यानं त्यांना कापूसचोर समजून हाताला धरलं. मोठ्या कष्टानं सुटका झाली. इतिहासाचं पुस्तक विलायतेच्या वाटेला लागलं होतं.

केशवरावांच्या दारात ते पोचले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत कापूस चिकटलेला होता. दारातल्या गड्यानं, "माल मागच्या दारानं," असं सांगून त्यांना वळवलं. मागच्या दारी त्यांची स्वतःची लेक जमुना उभी होती. तिनंही क्षणभर ओळखलं नाही. मग ओळखलं आणि घाबरून विचारलं, "बाबा, घरी सारं बरं हाय ना?"

"बरं हाय. तुह्या सासऱ्याशी जराकसं काम होतं."

केशवराव ओसरीवर चार माणसांत बसले होते आणि कापसाचा पुंजका बोटांनी ओढून धागा पाहत होते. भारदस्त, मोठ्या आवाजाचा माणूस. सूर्यभानजींनी ठरवलं होतं, की एकांतात, जेवणानंतर, हळूच विषय काढायचा. पण कसलं काम असं केशवरावांनी चार माणसांदेखत विचारलं आणि सूर्यभानजींना खोटं सुचेना. त्यांनी कागद पुढं केला.

केशवरावांनी तो वाचला. मग परत वाचला. "म्हंजे मी तुमचा पालक?"

"कागदापुरते, इवाईबुवा."

"अन् गोवर्धनाचा त हावोच."

"हो."

केशवरावांनी कागद गुडघ्यावर ठेवला. हसतील, असं सूर्यभानजींना वाटलं होतं आणि त्यासाठी त्यांनी वाटेतच मन घट्ट केलं होतं. ते हसले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी दौत मागवली, गंभीरपणे सही केली, आणि बसलेल्या चौघांना म्हणाले, "पाहा, शिकाले वय नसते. माहे दोन पोट्टे परीक्षेले बसून राहिले." मग सूर्यभानजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अभ्यास नीट करजा. काही लागलं तं सांगजा."

सूर्यभानजी तीन दिवसांची वाट परत आले. या वेळी ते रिकाम्या गाडीत बसले होते.

पुस्तक गेल्याचं कळल्यावर गोवर्धन रागावला नाही. दुसरं पुस्तक ज्या मुलाकडे होतं तो ते कुणाला हात लावू देत नव्हता, तेव्हा आता पाठांतरावरच भिस्त होती. गोवर्धनला बरंचसं तोंडपाठ होतं. तो डोळे मिटून बोलू लागला आणि सूर्यभानजींनी सुपारी बाजूला ठेवून दौत-बोरू घेतला. अकरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवलं होतं. काय लिहितो ते त्यांना कळत नव्हतं, पण ते त्यांना कचेरीतही कळत नसे. एक गोष्ट मात्र कचेरीनं त्यांच्या अंगात मुरवली होती: पक्षकार चार असले तर चौघांचंही म्हणणं लिहायचं, कुणाला गाळायचं नाही, आणि शेवटी निकाल वरिष्ठांवर सोपवायचा.

तासाभरानं गोवर्धन डोळे उघडी आणि समोरच्या ओट्यावर जाई. अब्दुल रहीमांनी गाविलगड सांगायला घेतला होता. गोष्ट रोज पुढं सरके आणि रोज थोडी बदले. पहिल्या दिवशी गडावर दाणा संपला होता, दुसऱ्या दिवशी भरपूर होता पण पाणी संपलं होतं. गडावरच्या शेळ्या कधी चाळीस असत, कधी दोनशे.

"चाचा, काल तं चाळीस म्हणले होते," गोवर्धन म्हणे.

"काल मी उत्तरेच्या बाजूच्या सांगतल्या."

पार्बताबाई तिथून जाताना थांबत आणि गड मुळात भोसल्यांचा होता हे आठवण करून देत. अब्दुल रहीम मान्य करत, पण त्याआधी तो कोणाचा होता हे विचारत. मग दोघंही ओट्यावर बसत. सूर्यभानजी इकडे आपल्या कागदावर मान घालून बसलेले असत आणि ते सगळं त्यांच्याही कानात जाई. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांना स्वप्न पडलं, की गडाच्या दारात आपण उभे आहोत, बाहेरून इंग्रज, आतून भोसले आणि बाजूनं निजाम असे तिघेही कलम आठखाली संमतीचा कागद मागत आहेत.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पार्बताबाईंनी तूप थापलं, दुर्गाबाईंनी दोघांच्या हातावर दही ठेवलं, आधी जावयाच्या. शाळेत दोघांचे क्रमांक एकाच बाकावर आले होते. सासरा उभा असताना गोवर्धन बसेना. जावई बसल्याशिवाय सूर्यभानजी बसेनात. "बसा बापू," "तुमी बसा मामाजी," असं बराच वेळ चाललं. बाकीची चौदा-पंधरा मुलं मान वळवून पाहू लागली. शेवटी भगवंतरावांनी दोघांना एकदमच बसायचा हुकूम दिला आणि मधे एक स्लेट उभी केली.

फळ्यावर पहिला प्रश्न आला. वऱ्हाड प्रांत सांप्रत कोणाच्या मालकीचा व कोणाच्या अमलाखाली आहे, हे पूर्ववृत्तासह लिहावे.

ज्या प्रश्नानं सूर्यभानजींना इथं आणलं तोच प्रश्न खडूनं लिहिलेला समोर होता, आणि पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्याकडे निदान एक उत्तर होतं. आता तीन होती. त्यांनी बाजूला पाहिलं. गोवर्धन खाली मान घालून झरझर लिहीत होता, चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. मग त्यांनी बोरू उचलला आणि त्यांना येत होतं तेच केलं. कागदाच्या डाव्या बाजूला समास सोडला आणि नक्कल लिहायला घेतली. मुलूख निजामाचा, असे एका पक्षाचे म्हणणे. वसुलात पूर्वी भोसल्यांचा वाटा, तो लढाईनंतरच्या तहात गेला, असे दुसऱ्याचे. पुढे फौजेच्या खर्चासाठी निजामाने प्रांत इंग्रजांच्या कारभारात दिला. इंग्रज म्हणजे आधी कंपनी व आता राणी सरकार. सबब मालक एक, कारभारी दुसरा, व रयतेस नमस्कार दोघांनाही करावा लागतो. उत्तराच्या शेवटी हात सवयीनं लिहून गेला: 'तरी या बाबीत नक्की काय समजावे, याचा खुलासा हुजुरांकडून व्हावा.' पुढचे प्रश्नही त्यांनी कानावर पडलेलं आठवून घंटा होईपर्यंत असेच उतरवले.

घरी येईपर्यंत त्यांनी मेळघाटात कोणती पांघरुणं न्यायची हे ठरवून टाकलं होतं.

बारा दिवसांनी भगवंतरावांनी दोघांना बोलावलं. सूर्यभानजी वर्गात तिसरे आले होते.

"पहिल्या प्रश्नाला पूर्ण गुण दिले आहेत," भगवंतराव म्हणाले. "बाकी सगळ्यांनी एकेक मालक ठरवून टाकला. हा घोळ आहे आणि तो घोळ म्हणूनच लिहावा लागतो, हे आपणा एकट्यास समजले."

"मले काहीच समजलं नाई, मास्तरसाहेब," सूर्यभानजी खरं ते बोलले.

"विनय चांगला आहे," भगवंतराव म्हणाले आणि दुसरी उत्तरपत्रिका काढली. "गोवर्धन. आपण पहिल्याच प्रश्नात गाविलगडावर सोळा पाने लिहिली. पुढचे प्रश्न राहिले. शेळ्यांची संख्या तीन ठिकाणी वेगवेगळी आहे. नापास."

वाटेनं दोघं एकमेकांकडे न पाहता चालले. सूर्यभानजींना आनंद झाला होता आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. मेळघाट टळला होता. कचेरीत निकाल सांगितला तेव्हा शिरस्तेदार म्हणाले, साहेब चिखलदऱ्याला हवा खायला गेले आहेत, आणि या हुकमाची त्यांना आठवण असेल असं वाटत नाही. तरी कागद बस्त्यात बांधून ठेवू. घरी दुर्गाबाईंनी चुलीवर ठेवलेली गोडाची कढई उतरवून ठेवली.

"सासरा पास अन् जवाई नापास," त्या म्हणाल्या. "तुमाले एक-दोन गोष्टी चुकवता नाई आल्या?"

सूर्यभानजी दुसऱ्या दिवशी खरंच भगवंतरावांकडे गेले आणि त्यांनी विचारलं की आपले काही गुण जावयाला देता येतील का. भगवंतरावांनी नियमांचं पुस्तक पाहिलं आणि तसं कलम नसल्याचं सांगितलं. 

चौथ्या दिवशी केशवरावांची दमणी दारात थांबली. गल्लीतल्या सगळ्या ओट्यांवर माणसं आली. केशवराव पाय धुऊन बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "निकाल काय लागला?"

दुर्गाबाई आत गेल्या. सूर्यभानजींनी अडकित्ता हातात घेतला आणि परत ठेवला. बोलला तो गोवर्धनच. "मामाजी पास झाले, बाबा. मी नापास."

केशवरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बराच वेळ त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "माह्या सहीचे दोन बोजे गेले," ते शेवटी म्हणाले. "एक पास झाला. मुंबईच्या बाजारात याले कोनी वाईट म्हनत नाई." आणि त्यांनी गाडीवानाला पेढे आणायला पिटाळलं. गल्लीत घरटी पेढे वाटले गेले. वाटताना ते प्रत्येकाला सांगत होते की आमचे इवाई शाळेत तिसरे आले. व्याह्याला मिठी मारावी की जमिनीत शिरावं, हे सूर्यभानजींना कळेना.

मग केशवराव मुलाकडे वळले. "तुहं झालं शिकणं. सामान बांध. अकोल्याले चाल, गाड्या पाहाले माणूस पाह्यजे."

गोवर्धन मान खाली घालून उभा राहिला. "बाबा, मले पुन्हा बसाचं हाय."

"काहून?"

"मले आता आवडून राहिलं."

नापास झाल्यावर कुणाला विषय आवडू लागतो, हे केशवरावांच्या हिशेबात बसेना. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात सूर्यभानजी बोलले. व्याह्याच्या शब्दापुढं ते याआधी कधी बोलले नव्हते, आणि आत्ताही आपण बोलतो आहोत हे त्यांना अर्ध्या वाक्यावर कळलं.

"इवाईबुवा, पुस्तक म्या हारपवलं. त्याच्या पाठांतरावर मी पास झालो, अन् त्याच्यापाशी वाचाले काही राह्यलं नाई. हा बोजा म्या भिजवला. सहा महिने राहू द्या त्याले. मी जबाबदार."

आतल्या दारात दुर्गाबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. केशवरावांनी सूर्यभानजींकडे नव्यानं पाहिल्यासारखं पाहिलं, एक पेढा तोंडात टाकला, आणि म्हणाले, "सहा महिने. वर एक दिस नाई."

दमणी गेली. ऊन उतरत होतं. सासरे-जावई ओसरीवर बसले.

"मामाजी," गोवर्धन म्हणाला, "तुमी बसान काय पुन्हा, माह्या संगं?"

सूर्यभानजींना कसलाही हुकूम नव्हता. बसायचं काहीएक कारण नव्हतं. "या खेपीले काय लागलं हाय?" त्यांनी विचारलं.

"इंग्लंडचा इतिहास."

सूर्यभानजींना एकदम हलकं वाटलं. तिथल्या लढाया या गल्लीतल्या कुणाच्या बापानं पाहिलेल्या असणं शक्य नव्हतं. तिथल्या घोड्यांना कुणी पाणी दिलेलं नव्हतं. जे पुस्तकात असेल तेवढंच असेल. "बसतो," ते म्हणाले.

समोरच्या ओट्यावर अब्दुल रहीम पेढा खात होते. त्यांनी दाढी पुसली.

"बिलायत म्हंता काय, गावंडेजी?" ते म्हणाले. "माहा एक मावसा जहाजावर होता. या, बसा जराकसे."

सूर्यभानजी नको म्हणायला वळले, तर गोवर्धन तिकडे जाऊन बसलाही होता.